बेळगाव ते टॉटनहॅम: चार तिकिटं, दोन सिमकार्डं आणि बारा फेऱ्या

तयारी, मार्च

बॉक्सिंगची झुंज: ख्रिस युबँक ज्युनिअर विरुद्ध कॉनर बेन. शनिवार, २६ एप्रिल २०२५, लंडनचं टॉटनहॅम हॉटस्पर स्टेडियम. जागतिक पट्टा पणाला नाही, तरी साठ हजारांवर माणूस जमणार, कारण वैर बापांपासूनचं. थोरल्या युबँकनं थोरल्या बेनला नोव्हेंबर १९९० मध्ये बर्मिंगहॅमला नवव्या फेरीत थांबवलं. ऑक्टोबर १९९३ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर पुन्हा गाठ पडली, ती बरोबरीत सुटली. पोरांची झुंज खरं म्हणजे ८ ऑक्टोबर २०२२ ला व्हायची होती. बेनच्या चाचणीत निषिद्ध द्रव्य सापडल्याची बातमी फुटली आणि दोन दिवस आधी सगळं मोडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पत्रकार परिषदेतच युबँकनं बेनच्या गालावर अंडं फोडलं, आणि बेळगावातल्या तालमीपर्यंत त्याचा व्हिडिओ पोचला.

झुंज मोडणं हा या धंद्यातला अपघात नव्हे, नेहमीचीच गोष्ट आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये जोशुआ-व्हाइट ही हेवीवेट झुंज आठवडाभर आधी गेली आणि व्हाइटच्या जागी हेलेनियस उभा राहिला. फ्युरी-उसिक फेब्रुवारी २०२४ वरून मे महिन्यात ढकलली गेली, कारण सरावात फ्युरीच्या डोळ्यावर चीर पडली. म्हणून हॉटेल पैसे परत देणारं घ्यायचं, विमानाचं तिकीट तारीख बदलता येणारं घ्यायचं, आणि प्रवास विम्यात झुंजीच्या तिकिटाचे पैसे धरले आहेत असं समजायचं नाही. बहुतेक वेळा ते धरलेले नसतात. तिकिटावर जोडी बदलू शकते अशी अट असते, म्हणजे एक मल्ल बदलला तरी कार्यक्रम झाला असंच धरतात.

व्हिसाचं गणित आधी मांडावं. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाचा निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो, आणि प्रवासाच्या तीन महिने आधीपेक्षा लवकर अर्ज करता येत नाही. शुल्क ९ एप्रिल २०२५ पासून ११५ वरून १२७ पौंड झालं होतं. बोटांचे ठसे द्यायला बंगळूर, पुणे किंवा मुंबईसारखं केंद्र असलेलं शहर गाठावं लागतं. आपल्या भागातल्या लोकांची खरी अडचण कागदांची. शेती दाखवायची तर पहाणीचा, म्हणजे तिकडच्या सातबाराचा, उतारा कन्नडमध्ये. इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कागदाला भाषांतर जोडावं लागतं, आणि त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख लागते. मराठी शाळेच्या दाखल्यालाही तेच. सोसायटीच्या पासबुकापेक्षा बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट वजनदार. आणि नावाचा घोळ: आधारवर नुसतं नाव आणि एक आद्याक्षर, पासपोर्टवर वडिलांचं नाव नि आडनाव. अर्जात, विमानाच्या तिकिटात, झुंजीच्या खात्यात, सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव घालायचं.

झुंजीचं तिकीट व्हिसासाठी सक्तीचं नाही. पण विक्री एकदा सुरू झाली की स्वस्त जागा आधी उडतात. जाणारे चौघे, पण मार्चमध्ये दोनच तिकिटं घेतली गेली, उरलेली दोन लंडनला पोचल्यावर बघायची ठरली.

विक्रीची रीत अशी. आधी आयोजकाच्या यादीत नाव नोंदवलेल्यांना, मग स्टेडियमच्या सभासदांना, शेवटी सर्वांना. ऑनलाइन रांगेत नंबर लागला की जागा निवडायची, आणि निवडलेली जागा मोजकीच मिनिटं राखून ठेवतात. इथंच भारतीय कार्ड घात करतं. परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करून ठेवावे लागतात, मूळ कार्डावर ते बंद असतात. मर्यादाही वाढवावी लागते. ओटीपी यायला उशीर झाला की जागा सुटली. या वेळी पहिल्या प्रयत्नात पैसे अडकले आणि तिकीट आलं नाही. दुसऱ्या कार्डानं काम झालं. दोन वेगळ्या बँकांची कार्डं हाताशी असणं हा उपाय. पत्त्यात आधी देश भारत निवडायचा, मगच आपला पिनकोड चालतो. कार्डावर साडेतीन टक्के परकीय चलन आकार असेल, तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४.१३ टक्के होतात. २०० पौंडांचं तिकीट, पौंड ११३ रुपयांना धरला, तर २२,६०० रुपये आणि वर सुमारे ९३३ रुपये.

आता जागा कुठली? कोल्हापूरचं खासबाग मैदान ज्यांनी बघितलंय त्यांना हे लगेच कळेल. तिथं हौदा खाली आणि माणसं चढणीवर, शेवटच्या माणसालाही मातीवरचा डाव दिसतो. फुटबॉलच्या मैदानावर उलटं. रिंगण मध्यभागी चौथऱ्यावर, आणि त्याभोवती सपाट जमिनीवर खुर्च्या मांडलेल्या. पहिल्या काही ओळी सोडल्या तर जमिनीवरच्या महागड्या खुर्चीतून पुढच्याचं डोकं दिसतं, आणि झुंज रंगली की पुढचा उभाच राहतो. त्याऐवजी खालच्या सज्जात, बाजूच्या मधल्या भागात, पंधरा ते तीस या ओळींत बसावं. पैसे कमी, नजर वरून. अगदी वरच्या सज्जातून मात्र रिंगणावरचा दिव्यांचा सांगाडा आड येतो. मार्चची दोन तिकिटं खालच्या सज्जातली, चोविसाव्या ओळीतली.

मंगळवार-बुधवार, २२ आणि २३ एप्रिल

रात्रीची बस, पाचशे किलोमीटर, सकाळी बंगळूर, दुपारचं थेट विमान, संध्याकाळी हीथ्रो. सांगण्यासारखं काही घडलं नाही. इमिग्रेशनच्या रांगेत दीड तास गेला. अधिकाऱ्यानं विचारलं कशाला आलात, झुंजीचं नाव ऐकल्यावर विचारलं कोण जिंकणार, आणि उत्तर ऐकायच्या आधीच शिक्का मारला.

मुक्काम मॅनर हाउस स्टेशनजवळ. निवड मुद्दाम: पिकाडिली लाइन हीथ्रोहून थेट तिथं येते, गाडी बदलायची नाही, बॅगा ओढायच्या नाहीत. स्टेडियमकडे जाणाऱ्या २५९ आणि २७९ नंबरच्या बसही तिथूनच. शनिवार-रविवारचे हॉटेलचे दर आधीच्या रात्रींपेक्षा बरेच चढे होते. त्याचं कारण नुसती झुंज नव्हे, रविवारी लंडन मॅरेथॉन होती. मोठ्या झुंजीची तारीख कळली की त्या शहरात त्या दोन दिवसांत आणखी काय आहे तेही बघून ठेवावं.

गुरुवार, २४ एप्रिल

तिकिटांचा दिवस. अधिकृत विक्रेत्याच्याच पुनर्विक्रीच्या पानावर बघत राहायचं, कारण तिथं जुनं तिकीट रद्द होऊन नव्या नावानं नवा बारकोड निघतो. इतर साइटवर विकणारा कोण, त्याच्याकडे तिकीट आहे का, हे शेवटपर्यंत कळत नाही. फुटबॉलची तिकिटं परस्पर विकणं इंग्लंडमध्ये १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, बॉक्सिंगला तो कायदा लागू नाही. म्हणून दलाल उघड फिरतात. एक काम सोपं झालंय: ६ एप्रिल २०२५ पासून सक्तीचे सगळे आकार पहिल्याच किमतीत धरून दाखवायचे असा तिकडचा नियम आहे. दाखवली ती किंमत, शेवटच्या पायरीवर वाढत नाही.

किंमती दिवसभर हलतात. ज्यांच्याकडे जास्तीची तिकिटं असतात ते गुरुवारपासून घाबरतात. सकाळी बघितलेली वरच्या सज्जातली जोडी संध्याकाळी सहाला बरीच उतरली होती. आणखी थांबलं तर शनिवारी दुपारी अजून उतरते, पण तेव्हा दोन जागा शेजारी-शेजारी मिळणं कठीण. एकट्यानं गेलेल्यानं खुशाल थांबावं, जोडीनं थांबू नये.

पैसे भरताना पुन्हा ओटीपी. इथं दोन सिमकार्डांचा उपयोग. इंटरनेटसाठी तिकडचं ई-सिम, आणि भारतीय सिम रोमिंगवर चालू ठेवून फक्त मेसेजपुरतं. निघण्याआधी बेळगावातच रोमिंग सुरू करून घ्यावं, कारण परदेशात पोचल्यावर ते सुरू करायलाही ओटीपीच मागतात. भारतीय सिमचा डेटा बंद आहे ना, हे दोनदा तपासावं, नाहीतर बिल बघून अंगावर काटा येईल.

त्याच संध्याकाळी बातमी आली की पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली. परतीचं विमान भारतीय कंपनीचं होतं. त्याचं काय होईल ते तेव्हाच कळेल म्हणून विषय बाजूला ठेवला गेला.

शुक्रवार, २५ एप्रिल

सकाळी वजनं. मर्यादा १६० पौंड, म्हणजे ७२.५७ किलो. युबँकचा काटा १६०.०५ वर. जास्तीचं वजन पाच शतांश पौंड, साधारण २३ ग्रॅम. बेळगावच्या गणपत गल्लीत कुंद्याची चव बघायला देतात तो तुकडाही कदाचित त्याहून जड असेल. दंड पाच लाख डॉलर, म्हणजे पावणेचार लाख पौंड, आपले सव्वाचार कोटी. आपल्याकडे मैदानात वस्ताद नजरेनं जोड लावतात, काटा कोणी आणत नाही. इथं करारच वजनाचा. शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काटा: १७० पौंडांच्या वर जायचं नाही. वजन उतरवायला अंगातलं पाणी काढतात आणि रात्रीतून भरून घेतात, त्यावर लगाम घालायला ही अट. बेन मुळात १४७ पौंडांच्या गटातला, तो दोन गट वर चढून आलेला. अट कोणाच्या सोयीची ते उघड आहे.

दुपारी स्टेडियमची वाट पाहून ठेवली. हे एक काम जरूर करावं. व्हाइट हार्ट लेन स्टेशन दाराशी, लिव्हरपूल स्ट्रीटहून ओव्हरग्राउंडनं पाऊण तासाच्या आत. सेव्हन सिस्टर्स व्हिक्टोरिया लाइनवर, तिथून चालत अर्धा तास. टॉटनहॅम हेलही तितकंच. येताना कुठलंही चालतं, जाताना नाही, ते पुढं येईल.

संध्याकाळचं जेवण ग्रीन लेन्सवर. हा रस्ता तुर्की लोकांचा. काचेमागं बसलेल्या बाया लाटण्यानं पोळ्या लाटतात, तेही आपल्या लाटण्यासारखं जाड नव्हे, काठीसारखं सडपातळ. पोळीत पालक आणि चीज भरून तव्यावर भाजतात, त्याचं नाव गोझलेमे. मांस न खाणाऱ्याला पोटभर. जेवणाआधी न मागता सॅलड आणि भाजलेला कांदा येतो, त्या कांद्यावर डाळिंबाचा आंबट रस. एका कांद्यावर दोन पोळ्या सहज जातात. दुकानदार म्हाताऱ्याला १९९० ची झुंज तोंडपाठ, थोरल्या युबँकची मान वर करून उभं राहण्याची नक्कलही त्यानं करून दाखवली.

शनिवार, २६ एप्रिल

दिवसा कोवळं ऊन, सूर्य मावळायला सव्वाआठ. मावळल्यावर मात्र गारठा, आणि स्टेडियम उघडं. जाड जाकीट हवंच. बॅग ए-फोर कागदापेक्षा मोठी नको. न नेलेली सर्वांत बरी. आत रोकड चालत नाही, पाण्याच्या बाटलीलाही कार्डच.

स्टेडियमबाहेर हाय रोड गाड्यांना बंद, बस वळवलेल्या. फुटपाथवर जमैकन माणसाचा ड्रम कापून केलेला शेगडा, त्यावर कोंबडी. मसाल्यात लवंग-मिरी-दालचिनीसारखा वास येतो, तो एका छोट्या दाण्याचा, ऑलस्पाइसचा. तिखट आपल्याला जमेल इतकं, खानापूरच्या पाहुण्याला कदाचित कमीच पडेल. पलीकडे दलाल हळू आवाजात ‘तिकीट, तिकीट’ करत होते. एकाच्या हातात छापील कागद होता. या झुंजीचं तिकीट फोनवरच येतं. कागद दाखवणाऱ्याशी बोलूही नये.

फोनवरच्या तिकिटाची गोष्ट नीट समजून घ्यावी. बारकोड हलता असतो, काही सेकंदांनी बदलतो, म्हणून स्क्रीनशॉट चालत नाही. साठ हजार माणसं एकाच वेळी नेटवर, दाराशी ॲप उघडेलच असं नाही. आदल्या रात्रीच तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये टाकावं, मग नेट लागत नाही. एकाच्या खात्यावर चार तिकिटं असतील तर ज्याची त्याला पाठवून द्यावीत, नाहीतर एकाचा फोन बंद पडला की चौघे बाहेर. विक्रेत्याच्या खात्यात नव्या फोनवरून शिरताना पडताळणीचा कोड मागतात. हे लॉगिन घरी असतानाच करावं. एक छोटी पॉवरबँक खिशात.

दार दुपारीच उघडतं. लवकर जाण्यात तोटा नाही, कारण आधीच्या झुंजीत खरं बॉक्सिंग बघायला मिळतं आणि खुर्च्या रिकाम्या असतात. विडल रायली आणि शेवॉन क्लार्क, मग बिलम-स्मिथ आणि ग्लँटन, मग यार्ड आणि आर्थर यांची तिसरी गाठ. आयर्लंडच्या मोनाहन परगण्यातून आलेला आरन मॅकेन्ना लियाम स्मिथवर भारी पडला, तेव्हा हिरव्या टोप्यांचा एक आख्खा कोपरा उसळला. शेजारच्या ओळीतले चौघे आयरिश शेतकरी. बेळगाव कुठं, विचारल्यावर गोव्याच्या वर असं सांगितलं. त्यांना दूध किती लिटरला विकतं यात जास्त रस होता.

दोन जागांची तुलना मध्यंतरात अदलाबदल करून झाली. वरच्या सज्जातून पावलं दिसतात: कोण कोपऱ्यात कोंडतोय, कोण बाजूला सरकतोय. ठोसा लागला की चुकला हे मात्र कळत नाही, पडद्यावरच बघावं लागतं. खालच्या सज्जातून घामाचा फवारा दिव्यात दिसतो.

मुख्य जोडी दहाच्या सुमारास. आधी पडद्यावर गाडीतून उतरणारा युबँक, आणि शेजारी थोरला युबँक. बापानं या झुंजीला नावं ठेवली होती, येणार नाही असंच सगळे धरून होते. साठ हजारांचा आवाज रिंगणात कोणी नसतानाच फुटला. तिकडे बेनच्या बाजूला थोरला बेन होताच.

बारा फेऱ्या, तीन-तीन मिनिटांच्या, मध्ये एक मिनिट. कोणी पडला नाही. बेन आखूड हातांचा, वाकून आत घुसायचा आणि मोठे ठोसे फेकायचा. युबँक दोरीला पाठ लावूनही मोजून जास्त ठोसे देत राहिला. शेवटच्या फेरीत दोघांनीही बचाव सोडला. तिन्ही पंचांचे गुण एकसारखे, ११६-११२ युबँक. हिशेब सोपा: फेरी जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ. आठ फेऱ्या जिंकल्याचे ८० आणि चार हरल्याचे ३६, एकूण ११६. चीतपटीची सवय असलेल्याला गुणांचा निकाल आधी कोरडा वाटतो, पण आठ-चार म्हटलं की पटतं.

निकाल लागेपर्यंत थांबलेल्यांची परीक्षा बाहेर. व्हाइट हार्ट लेनची रांग रस्त्याला वेढा घालून उभी, आणि ती लाइन रात्रभर चालत नाही. व्हिक्टोरिया आणि पिकाडिली लाइन मात्र शुक्रवारी-शनिवारी रात्रभर चालतात. म्हणून दाराशी असलेलं स्टेशन सोडून हाय रोडनं सरळ दक्षिणेला सेव्हन सिस्टर्सपर्यंत चालायचं, गाडीनं फिन्सबरी पार्क, तिथून एक स्टेशन मॅनर हाउस. दाराशी उभ्या असलेल्या टॅक्सीवाल्यांचे दर ऐकून नुसतं हसावं. चालताना सगळा रस्ता सोबतीला असतो, आणि चिप्सवर व्हिनेगर ओतून देणारी दुकानं उघडी असतात. गारठ्यात त्या आंबट वाफेचं अप्रूप वाटतं.

रविवार, २७ एप्रिल

पाय दुखत होते, पण मॅरेथॉन बघायला टॉवर ब्रिजकडे. ऊन चांगलंच तापलं, धावणारे पाण्याच्या बाटल्या डोक्यावर ओतत होते. ५६ हजारांवर लोकांनी शर्यत पुरी केली. कठड्याशी मराठी ऐकू आलं म्हणून वळून पाहिलं तर निपाणीच्या एक काकू, लेकाला बघायला उभ्या.

‘कुठले हो तुम्ही?’

‘बेळगाव, काकू. शहापूर.’

‘मग जवळचेच की! धरा हे.’ पिशवीतून भडंगाची पुडी निघाली. लेक कधी गेला ते गप्पांत त्यांना कळलंच नाही. मग फोनवर त्याचा माग काढणारं ॲप उघडून बघितलं, तर तो तीन मैल पुढं.

सोमवार-बुधवार, २८ ते ३० एप्रिल

एक दिवस संग्रहालयांना, ती फुकट आहेत. मंगळवारी परतीचं विमान. हद्द बंद असल्यानं वळसा पडला, बंगळूरला उशिरा उतरलं, ठरलेली रात्रीची बस चुकली. जोडतिकीट वेगळं काढलेलं असेल तर मधे किमान सहा तास ठेवावेत. या वेळी चारच ठेवले होते. दुसरी बस सकाळची. कित्तूर मागं पडलं तेव्हा पश्चिमेला आभाळ भरलेलं, आणि हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर वळवाचे पहिले टपोरे थेंब काचेवर.

मार्चमध्ये अडकलेले ते पैसे बँकेनं आपणहून सोडले नव्हते. व्यवहाराचा क्रमांक, तारीख आणि नाकारल्याच्या पानाचा फोटो जोडून लेखी तक्रार दिल्यावर आठव्या दिवशी खात्यात आले. परकीय चलन आकार मात्र वेगळा मागावा लागला.